तळहातावरचा वास

"गेला, आई. अजिबात येत नाही."

रीमने आईचा उजवा हात नाकाजवळून खाली आणला आणि हळूच उशीवर ठेवला. तुफूलने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. सलाला शहराच्या बाजारात तीस वर्षं धूप आणि सुगंधी तेलं विकताना तिने कितीतरी नाकं पाहिली होती. खरा वास घेणाऱ्याचे खांदे किंचित वर जातात आणि मग क्षणभर तो माणूस भलतीकडेच बघत राहतो. रीमचे खांदे हलले नव्हते. तिने श्वासच घेतला नव्हता.

"पुन्हा घे."

"घेतला की, आई!"

"मला गिऱ्हाईक समजू नकोस. नीट घे."

रीमने वास घेतला. या वेळी खांदे उचलले गेले. 

"बोल."

"थोडासा आहे. नखांपाशी." रीमचे डोळे भरून आले. "पण एवढ्याशा वासाने काय बिघडतंय? तू मुद्दाम लावलंस का? अल्लाला ठाऊक आहे ना."

"अल्लाला ठाऊक आहे," तुफूल म्हणाली. "तो वास त्याने नाही, मी काढायचाय."

तिला स्वतःला काहीच कळत नव्हतं, हीच खरी अडचण होती. गोठ्यात राहणाऱ्याला शेणाचा वास येत नाही. तीस वर्षं अगरूच्या तेलात बोटं बुडवलेल्या बाईने स्वतःच्या हाताचा वास घेतला, की तिला फक्त हात जाणवतो.

तिचा नवरा मुसल्लम गेला त्या सकाळी ती चूक झाली. तो पाण्याचा टँकर चालवायचा. डोंगराकडच्या वस्त्यांना पाणी पोचवून घरी आला, जिन्यावर बसला, आणि बसलेलाच राहिला. इमामांनी सांगितलं, बायकोला नवऱ्याच्या देहाला स्नान घालता येतं. दिरांनी पाणी ओतलं, तुफूलने बोरीच्या पाल्याच्या पाण्याने त्याचं अंग धुतलं. मग सुगंध लावायची वेळ आली. नमाजात जमिनीला टेकणारे अवयव असतात, कपाळ, नाक, तळहात, गुडघे, पावलं, तिथे तो लावतात. स्नान घालण्याचं काम वर्षानुवर्षं करणारे एक म्हातारे बाजूला उभे होते. ते म्हणाले, "हाताला कापड गुंडाळ, पोरी. तुझी इद्दत सुरू झाली."

तिने ऐकलं, पण हाताने ऐकलं नाही. तिने घरातली सगळ्यात जुनी कुपी काढली होती, रीमच्या लग्नासाठी राखलेली. कुपी तळहातावर पालथी केली आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळले. थंड तेल अंगावर नुसतं बसून राहतं. हातात ऊब दिली तरच ते उमलतं. रोज दुकानात ती हेच करायची. मुसल्लमच्या कपाळावर बोट टेकवल्यावर तिला कळलं, आणि तोवर दोन्ही हात मनगटापर्यंत माखले होते.

विधवेने इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागच्या शोककाळात, सुगंध लावायचा नाही, आधीचा अंगावर असेल तर तोही काढायचा. घराबाहेरही पडायचं नाही. चार महिने दहा दिवस. तुफूलने दुकान बंद केलं. घरातल्या बरण्या, धूपदाण्या, लाकडाच्या चिपा भावाकडे पाठवल्या. पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, जुने कपडे पेटीत घालून तेही पाठवले. घरात वासाचं असं काही उरलं नाही. हात तेवढे उरले.

तिसऱ्या दिवशी बायका भेटीला आल्या. नणंद थमना दारातून आत आली ती थबकलीच. थमना मुसल्लमची थोरली बहीण. सारा मोहल्ला तिला उम्म अली, म्हणजे अलीची आई, म्हणायचा आणि तिच्या जिभेला घाबरायचा. तिने हवेत नाक वर केलं.

"हा वास कुठून येतोय?"

 थमनाने तुफूलचा हात उचलला, हुंगला आणि टाकून दिला.

"वा! भाऊ मातीत गेला आणि वहिनीसाहेब अत्तर लावून बैठकीत बसल्यात. पुढचा कोण, ठरवून ठेवलाय का?"

"उम्म अली, अगं, लाज बाळग," एक म्हातारी म्हणाली.

"मी बाळगू? मी?"

बायका गेल्यावर तुफूलने बादलीभर कढत पाणी घेतलं आणि हात बुडवले. उष्णतेने वास खुलतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, तरी त्या क्षणी तिला आठवलं नाही. रीम पलीकडच्या खोलीतून धावत आली. "आई, काय केलंस? घरभर झालाय!" मग तुफूलने मीठ चोळलं. मग राख. मग दवाखान्यातून आणलेलं स्पिरिट. तळहाताला भेगा पडल्या आणि स्पिरिट त्या भेगांत शिरलं तेव्हा तिने दातांत ओढणी धरली.

हे सगळं झाल्यानंतर रीम म्हणाली होती, "गेला, आई."

तुफूल उशीवरच्या हाताकडे बघत बसली. प्रेमाच्या माणसांचा इथे उपयोग नव्हता. शेजारणी खोटं बोलतील, भाऊ खोटं बोलेल, लेक तर बोललीच.

"रीम, उम्म अलीला बोलावून आण."

"कुणाला?"

"ऐकू आलं ना? सांग, रोज दुपारच्या नमाजानंतर ये. माझा हात बघायला."

"आई, ती बाई तुला भर बैठकीत..."

"म्हणूनच. ती मला गोड वाटावं म्हणून काही बोलणार नाही."

थमना आली ती चपला न काढता उंबऱ्यात उभी राहिली. "मला कशाला बोलावलं? माफी मागायला? मी नाही मागणार."

"माफी नकोय. नाक हवंय." तुफूलने हात पुढे केला. "आहे की गेला, तेवढं सांगायचं. कमी नाही, जास्त नाही."

थमनाने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग चपला काढल्या, बसली, हात हातात घेतला. खांदे वर गेले.

"आहे."

"कुठे?"

"बोटांच्या बेचक्यात. नखांच्या कडांना तर भरपूर." तिने तळहात उलटा करून भेगा पाहिल्या. "हे काय करून घेतलंस? खाटकाचा ओटा झालाय हाताचा. असं रगडून कातडी जाईल, वास जाणार नाही. तेल तेलाने निघतं, हे मी तुला सांगू? दुकान तुझं की माझं?"

दुसऱ्या दिवसापासून तुफूलने मीठ आणि स्पिरिट बंद केलं. रोज सकाळी बागेतल्या नारळाचं साधं तेल हाताला लावून मुरू द्यायचं, कापसाने पुसायचं, बोरीच्या पाल्याची पूड गार पाण्यात कालवून चोळायची, बिनवासाच्या साबणाने धुवायचं. कापूस जाळून टाकायचा. नखं मुळापर्यंत कापायची. भेगा भरेपर्यंत घाई करायची नाही.

दुपारी थमना यायची. हात घ्यायची, हुंगायची.

"आहे."

"कालच्यापेक्षा कमी?"

"कमी-जास्त विचारायचं नाही ठरलंय. आहे."

मग चहा व्हायचा. पहिले काही दिवस दोघी गप्प बसायच्या. पुढे थमना बोलायला लागली. लहानपणी मुसल्लम उंटावरून पडला आणि उंटालाच शिव्या देत बसला. आई गेली तेव्हा तो जेवेना, तर आपण त्याच्या तोंडात भाकरी कोंबली. तुफूलने यातलं काही ऐकलं नव्हतं. वीस वर्षांच्या संसारात नणंद या घरी ईदला यायची, तेही भावाशी अंगणात बोलून परत जायची.

"तुला आवडायची नाही मी," तुफूल एकदा म्हणाली.

"अजून कुठे आवडतेस?" थमना म्हणाली आणि दुसरा पेला पुढे केला.

हात मऊ झाले. भेगा बुजल्या. नवी नखं आली. थमनाचं उत्तर मात्र बदलेना. "आहे." तुफूलने पूड बदलून पाहिली, तेल बदललं, दिवसातून दोनदा धुतलं. हरायचं तिच्या डोक्यात नव्हतं. इद्दतीचा अर्धा काळ सरला होता. उरलेला तरी स्वच्छ हातांनी पार पाडायचा, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

एका सकाळी शेजारची नवी सून नूर धावतच आत आली. तिला तिसरा महिना लागला होता.

"काकू, बसू द्या इथे. सासूबाईंनी कांदा तळायला घेतलाय, मी मरते आता."

"बस, बस. चहा देऊ?"

"वेलची आहे ना त्यात? नको, नको! काल नवऱ्याला अंगणात झोपवलं. म्हणे मी आंघोळ केलीय. मी म्हटलं, साबणाचाच वास येतोय तुला! मला हल्ली भिंतीचासुद्धा वास येतो, काकू. पाण्याचा येतो. रीमच्या वेणीला तेल लावलंय, तेही मला दारातूनच कळलं."

ती आडवी झाली आणि डोकं तुफूलच्या मांडीवर टेकवलं. तुफूलचा हात सवयीने तिच्या कपाळावर गेला आणि मध्येच थांबला. नूरने तो स्वतःच ओढून घेतला, गालाखाली ठेवला आणि डोळे मिटले.

"किती गार आहे तुमचा हात," ती म्हणाली, "आणि कसलाच वास नाही. सगळ्या गावात एवढी एकच जागा आहे."

तुफूल हलली नाही. नूरला झोप लागली तरी ती तशीच बसून राहिली.

दुपारी थमना आली. चपला काढल्या, बसली, हात घेतला, खांदे वर गेले.

"आहे."

"नाही," तुफूल म्हणाली.

थमनाने हात सोडला नाही. "मी सांगते ना, आहे."

"सकाळी नूर या हातावर गाल ठेवून झोपली. कांद्याच्या वासाने घर सोडून आलेली पोर. कधी गेला, उम्म अली?"

बाहेर रीम अंगण झाडत होती. थमना त्या झाडूकडे बघत राहिली.

"पंधरा दिवस झाले असतील," ती शेवटी म्हणाली. "मंगळवार होता. मी खूप शोधला. बेचक्यात, मनगटावर. नव्हता."

"मंगळवारी मी काय करत होते?"

"कसं सांगू? चहाच देत होतीस."

तुफूल तळहाताकडे बघत होती. हे तेल तिने त्याच्या कपाळाला लावलं होतं. ते धुवायचंच होतं, त्यात दुमत नव्हतं. पण ते कुठल्या दिवशी गेलं तेवढं तरी आपल्याला कळेल, असं ती धरून चालली होती. त्या मंगळवारी तिने चहा केला होता.

"खोटं का बोललीस? तुला मी एवढ्यासाठीच बोलावलं होतं. एकट्या तुला."

"माहीत आहे."

"मग?"

"गेला म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कशाला आले असते?" थमनाचा आवाज चढला. "भाऊ होता तोवर हे भावाचं घर होतं. आता कुणाचं? मी कुणाकडे येते म्हणून सांगू? माझ्या सुना विचारतात, रोज कुठे जाता? मी म्हणते, वहिनीच्या हाताचं काम आहे, माझ्याशिवाय कुणाला जमत नाही."

ती उठली. चपला शोधायला लागली. त्या उंबऱ्याशीच होत्या, तरी तिला सापडेनात.

"हात उद्यापासून बघायचा नाही," तुफूल म्हणाली. "ते काम संपलं. इद्दतीत माझ्या घरात खोटं नको."

"बरं."

"उद्या येताना बाजारातून सुरमई आण. मला बाहेर पडता येत नाही, आणि रीमला मासळी पारखता येत नाही. डोळे बघून आण. मागच्या वेळी तिने शिळी आणली."

थमना पाठमोरीच उभी राहिली. "केवढी?"

"आपल्याला पुरेल एवढी."

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली. पिशवी ओट्यावर आपटली आणि म्हणाली, "कोळी माझ्याशी भांडला. म्हणाला, डोळे काय बघतेस, नवरी आहे का? मी म्हटलं, नवरीपेक्षा जास्त बघणार, नवरी परत करता येते." रीम खो-खो हसली. आई तिच्यासोबत हसली तेव्हा रीमने एकदम मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

दोघी मागच्या दारात बसल्या. थमनाने खवले काढले, तुफूलने पोट साफ केलं. खवले पायांना चिकटले, मांजर येऊन बसलं. तुकडे करून झाले, मीठ-हळद लावून झाली, तरी दोघी उठल्या नाहीत. मासळीने माखलेले चार हात गुडघ्यांवर ठेवून त्या उन्हात बसून राहिल्या. रीमने बादली आणि साबण आणून मध्ये ठेवला. बराच वेळ तो कुणी उचलला नाही.