काचेवरची चकती

घरात म्हातारं माणूस असलं की आपण सगळेच थोडे लबाड होतो. खोटं बोलतो, गोष्टी लपवतो आणि वर म्हणतो, त्यांच्याच भल्यासाठी! बेलमलेट गावच्या डिम्फनानंही तेच केलं.

तिचे वडील फेस्टस गॉहन चौऱ्याऐंशी वर्षांचे. दरवर्षी ते स्वतः गाडी चालवत देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्लोनमेलला, धाकट्या भावाकडे जात. यंदा हा भाऊ, कोलमन, वृद्धाश्रमात होता. त्याचा फोन आला, "लवकर ये रे दादा. अजून माणसं ओळखतोय मी." फेस्टसनी त्याच्या आवडीचं, खडकावरून काढून वाळवलेलं, खायचं समुद्री शेवाळ पिशवीत भरून ठेवलं.

पण मागच्याच महिन्यात त्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. तेव्हापासून डिम्फनाला त्यांच्या गाडी चालवण्याची धास्ती. तोंडावर "बाबा, आता गाडी नको" म्हणायची तिची छाती नव्हती. बाप कसा आहे हे मात्र ठाऊक होतं. गाडीचा कर भरल्याची गोल कागदी चकती पुढच्या काचेवर लावावी लागे; गावातले उडाणटप्पू तिच्याऐवजी काळ्या बिअरचं गोल लेबल लावून वर्ष काढत. फेस्टस चकतीशिवाय चर्चपर्यंतही गाडी काढत नसत. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी डिम्फनानं ती चकती काढून शिवणाच्या डब्यात, बटणांखाली दडवली.

"अगं, चकती कुठं गेली?"

"पडली असेल, बाबा. शोधू या की."

आणि ती त्यांच्याबरोबर गाडीतल्या चटया उचलून शोधूही लागली!

"तोवर मीच नेते तुम्हाला, पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सुट्टी काही निघाली नाही. फेस्टस मुकाट्यानं पोलीस ठाण्यात गेले, चकती हरवल्याचं लिहून दिलं, शिक्का घेतला आणि नवीन चकतीची टपालानं वाट बघत बसले. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. चहा ढवळताना थांबून विचारत, "साखर घातली का गं मी?"

एक दिवस दुकानात पोलीस ठाण्यातल्या सार्जंट टूहींनी तिला गाठलं.

"तुझे वडील परत आले होते. म्हणाले, 'सार्जंट, माझा परवानाही ठेवून घ्या. चकती कुठं ठेवली ते आठवत नाही, उद्या रस्ताही आठवायचा नाही.'"

डिम्फनानं हातातलं सामान खाली ठेवलं.

"डिम्फना, म्हातारपणी दात जातात, कान जातात, ते माणूस हसून निभावून नेतं. पण स्वतःवरचा भरवसा गेला की संपलंच बघ. तो कुणी हिरावू नये."

"मीच हिरावला, सार्जंट," ती पुटपुटली आणि सामान तिथंच टाकून घराकडे धावली.

फेस्टस फोनजवळ बसले होते. रिसीव्हर अजून हातातच होता.

"कोलमन गेला," ते म्हणाले. "आज सकाळीच."

अरेरे, किती उशीर झाला! डिम्फनानं रडत रडत डबा आणला, बटणं टेबलावर ओतली आणि चकती त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, मीच काढली होती ही. तुम्ही जाऊ नये म्हणून."

त्यांनी चकती उचलून उलटसुलट पाहिली. "म्हणजे... मी विसरलो नव्हतो?"

"नाही हो बाबा, नाही!"

त्यांनी सुस्कारा सोडला. मग डोळे भरून आले.

"गाडी नको, असं तोंडावर म्हणायचं होतंस, पोरी. रागावलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो. पण बसनं गेलो असतो गं. चकती हरवली म्हटल्यावर एकट्यानं निघायचा धीरच झाला नाही. भेटला असता तो मला."

तिनं त्यांचे पाय धरले नाहीत, माफी मागितली नाही. मागायला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोलमनच्या अंत्यविधीला निघताना फेस्टसनी चकती पुन्हा काचेवर लावली आणि किल्ली तिच्या हातात दिली. "तू चालव. आता हे मी ठरवलंय, तू नाही." ते शेजारी बसले, शेवाळाची पिशवी मांडीवर घेऊन.

वाचकहो, आपल्या म्हाताऱ्यांशी भांडा, रुसा, हवं तर आरडाओरडा करा. पण जे सांगायचं ते समोर सांगा. त्यांच्या पाठीमागे त्यांचं आयुष्य ठरवू नका. डिम्फनाच्या वडिलांनी तिला माफ केलं. पण कोलमन मात्र आपल्या दादाची वाट बघतच गेला.