डॉक्टर यंदा कुणाकडे उतरले

दुब्रोव्हनिकच्या बस स्टँडवर ‘खोली मिळेल’ अशी पाटी धरून उभ्या राहणाऱ्या बायकांचा एक नियम होता. उतरणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेला जिचा हात आधी लागेल, पाहुणा तिचा. मग बाकीच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरायची. आपली खोली कितीही हवेशीर असो, खिडकीतून समुद्र दिसो नाहीतर समोरच्याची भिंत. ओढाताण, शिव्याशाप, जे काय करायचं ते बॅगेला हात लागायच्या आत.

डॉक्टर अलोयझ यांच्या बॅगेसाठी मात्र देशा नावाच्या बाईला कधी धावावं लागलं नव्हतं. हे मारिबोरचे गुरांचे डॉक्टर. बायको वारल्यापासून दर सप्टेंबरात यायचे आणि उतरताच बॅग आपणहून देशाच्या हातात द्यायचे. म्हणून यंदा ती पाटी न घेताच आली होती. अंगात नवा निळा ब्लाउज होता, आणि तो कुणाच्याही नजरेतून सुटला नव्हता.

"आज पाटी कुठाय गं?" कातामावशीने डिवचलं. स्टँडवरची ही सगळ्यात जुनी बाई. गिऱ्हाईक मिळो न मिळो, तिला करमणूक हवी असे. "घर विकलंस की काय?"

"माझा पाहुणा ठरलेला आहे, मावशी."

"पाहुणा होय? बरं बाई, पाहुणा म्हणू."

बस आली. डॉक्टर उतरले. देशाने बॅगेसाठी हात पुढे केला, तर डॉक्टरांनी टोपी काढून तोच हात हातात घेतला आणि अदबीने हलवला.

"कशा आहात, देशाबाई? यंदा मी नीकाबाईंकडे उतरतोय. आधीच ठरलंय तसं."

मागून नीका पुढे आली आणि तिने बॅग उचलली. नीका देशाच्या अगदी समोरच्या घरात राहायची. दोघी एका बाकावर शिकल्या, एकाच गल्लीत लग्न होऊन आल्या आणि त्याच गल्लीत नवऱ्याविना उरल्या. आता बॅगेला हात लागला होता. देशाने गप्प बसायला हवं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तिच्या मागच्या खोलीत तळलेल्या माशांचा वास येतो हं. उशीलासुद्धा!"

सगळ्या पाट्या एकदम खाली आल्या. बॅग उचलल्यावर असं बोलणं स्टँडवर आजवर कुणी ऐकलं नव्हतं. नीका लाल झाली, पण एवढंच म्हणाली, "चला डॉक्टर. पायऱ्या जपून."

त्या दिवसापासून देशाच्या डोक्यात दुसरा विषय शिरेना. डॉक्टरांची बाल्कनीची खोली तिने रागाच्या भरात एका डच जोडप्याला देऊन टाकली. हिवाळ्यापासून जपून ठेवलेल्या, साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या सालीही त्यांच्यापुढेच मांडल्या. त्यांनी दोन खाल्ल्या आणि बाकीच्या तशाच ठेवल्या, याचाही तिला डॉक्टरांवरच राग आला.

समोर काय चाललंय ते कळायला दोरी होतीच. आमच्या गल्लीत घराघरातली खबर दोरीवरच वाळत पडते. चादरी-टॉवेल दिसले की समजायचं, पाहुणे आलेत. पण पाहुण्याचे शर्ट घरवाली धूत नाही. पुरुषाचे शर्ट दोरीवर दिसले, तर त्या घरात पुरुष आहे, आणि तो पाहुणा नव्हे.

आणि देशाने गेल्या सप्टेंबरात नेमकं तेच केलं होतं. डॉक्टर सर्दीने पडून होते. तिने त्यांचे शर्ट धुतले आणि गल्लीच्या बाजूला, भर उन्हात टांगले. चुकून नव्हे. बायकांनी विचारलं, तेव्हा ती नुसती हसली होती. ते हसू तिने वर्षभर पुरवून वापरलं होतं.

आता ती रोज सकाळी खिडकीच्या झडपा उघडायची आणि नीकाच्या दोरीवर शर्ट शोधायची. चादर. टॉवेल. नवाकोरा पलंगपोस! तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि झडपा अशा आदळायच्या की खालची मांजरं पळायची.

एकदा मासळीबाजारात दोघींची गाठ पडली.

"अगं, किती आपटतेस," नीका म्हणाली. "बिजागरी हातात येईल एक दिवस."

"माझ्या झडपा, माझी बिजागरी. तू नवा पलंगपोस कुणासाठी घेतलास?"

"पाहुण्यासाठी."

"माझ्या पाहुण्यासाठी!"

"त्यांना पाय आहेत, डोळे आहेत. घर त्यांनी निवडलं. मी काय दोरी बांधून ओढून आणलं?" नीका थांबली, आणि पुढचं माशांकडे बघतच बोलली. "शर्ट स्वतः धुतात. मी म्हटलं, द्या इकडे, तर देत नाहीत. न्हाणीघरातच वाळत घालतात."

देशाला इतका आनंद झाला की तिने बांगडे भाव न करताच घेतले.

त्यानंतर आठवडाभर दक्षिणेचा दमट वारा वाहत राहिला. त्या वाऱ्यात कपडे वाळत नाहीत आणि माणसं धड बोलत नाहीत. शेवटी उत्तरेचा कोरडा वारा सुटला, आणि सगळ्या गल्लीने एकदम धुणं काढलं. देशा चादरी पिळत होती, तेवढ्यात दार वाजलं.

दारात डॉक्टर उभे होते. बाह्या वर केलेल्या, हातात घमेलं, घमेल्यात ओले शर्ट.

"हे तुमच्या दोरीवर घालू का?"

"समोरची दोरी तुटली वाटतं?"

"नाही. रिकामीच आहे."

डॉक्टर घमेल्याकडे बघत म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्ही टांगलेत. त्याचा अर्थ मला निघायच्या दिवशी पाववाल्याने सांगितला. तुम्ही मला विचारलं नव्हतंत, देशाबाई."

"चुकलं माझं."

"चुकलं असं नाही म्हणत मी. पण मलाही तुम्हाला विचारायचं होतं. तुमच्याच घरात राहून, तुमच्याच ताटातलं जेवून ते कसं विचारणार? त्यासाठी बाहेरून यावं लागतं, दार वाजवून. म्हणून समोर उतरलो."

"मग इतके दिवस काय केलंत? मी इथे जळून कोळसा झाले!"

"ऐकत होतो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "सकाळी झडपा आदळल्या की जरा धीर यायचा. पण असल्या दमट हवेत विचारावंसं वाटेना."

देशाने घमेलं ओढून घेतलं. "पिळता तरी येतात का नीट? पाणी बघा किती!" तिने एकेक शर्ट पिळला, खिडकीशी गेली आणि पहिला गल्लीच्या बाजूला टांगला. खाली कातामावशी होती. तिने मान वर केली आणि हातातली टोपली खाली ठेवली.

मग देशाने समोर बघितलं. मुद्दाम बघितलं, नीकाने हे बघावं अशी तिची फार इच्छा होती.

नीका खिडकीत उभी होती. तिच्या कानात पोवळ्याच्या कुड्या होत्या, ज्या ती फक्त लग्नकार्यात घालायची. मागे तो नवा पलंगपोस चापूनचोपून अंथरलेला दिसत होता. आणि तिचा होता तसा चेहरा देशाने आठवडाभर आपल्याच आरशात पाहिला होता.

नीकाने झडपा ओढून घेतल्या. त्या अशा आदळल्या की मांजरं पळाली.

चिमटा देशाच्या हातातच राहिला. मग तिने दुसरा शर्ट झटकला आणि तोही टांगला.