पांढऱ्या पानांची जास्वंद

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मी, दगा, तीस वर्षं शेड मास्टर आहे. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, सँपल एका हातात, रंगवलेलं कापड दुसऱ्या हातात धरायचं आणि रंग जुळला तरच पेन्सिलीने 'शेड ओके' लिहून सही करायची, हे माझं काम. माझ्या नजरेला आजवर कुणी नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर मी ऐकूनही घेतली नसती.

माझी मुलगी गायत्री फुलापानांचे फोटो काढते, अगदी जवळून. जुन्या कॅमेऱ्याच्या आतली एक काच तिने काढून घेतलीय आणि वर काळा फिल्टर लावते. इन्फ्रारेड म्हणे, माणसाला न दिसणारा उजेड. मी कान देऊन ऐकलं नव्हतं. सोमवारी अहमदाबादच्या फोटोग्राफी कॉलेजात तिची मुलाखत होती, सोबत पाच प्रिंट न्यायच्या होत्या. शनिवारी तिला वेळ नव्हता, म्हणून प्रिंट काढून आणायला पेनड्राइव्ह माझ्याकडे दिला.

फोटोच्या दुकानात स्क्रीनवर फोटो पाहिले आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याच गॅलरीतली, तेलाच्या डब्यात लावलेली जास्वंद, पण पानं दुधासारखी पांढरी! फुलाचा लाल रंग पार गायब. हा माल घेऊन पोरगी मुलाखतीला जाणार? मी तडक घरी गेलो, जास्वंदीचं एक फूल आणि दोन पानं तोडून आणली, स्क्रीनला लावली आणि म्हटलं, याला मॅच कर. दुकानदार हितेश "काका, फोटो एवो ज छे", फोटो असाच आहे, म्हणत राहिला. मी दोन तास उभा राहून पाचही फोटो हिरवे-लाल करून घेतले, मागे सही ठोकली आणि मोठ्या रुबाबात घरी आलो.

गायत्रीने पाकीट उघडलं आणि हिरवी पानं पाहून ओरडली.

"हाई काय करी टाकं, पप्पा? उद्या चार वाजता मन्ही गाडी शे. रविवारले दुकान बंद ऱ्हास."

आतून माझी बायको पुष्पा म्हणाली, "तुम्हना डोया मिलमा ठेवा ना! पोरना कामले कसाले हात लावा?"

माझ्या डोळ्यांवरच बोट ठेवलं म्हटल्यावर मीही भडकलो. रंग मला शिकवता का, म्हणालो. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

सकाळी गायत्रीने मला गॅलरीत उन्हात उभं केलं. अंगात काळा शर्ट होता, मी स्वतः रंगवलेल्या कापडाचा. तिने फोटो काढून समोर धरला. शर्ट फिकट, जवळजवळ पांढरा!

"हाऊ मन्हा काया शर्ट?"

"शर्ट तोच शे. उजेड दुसरा शे."

मिलमधल्या नव्या पोरांवर मी याच गोष्टीवरून ओरडतो. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात फसते, कापड तेच असलं तरी. आणि मी पोरीचं काम भलत्याच उजेडात नापास केलं होतं. तिचा जास्वंदीचा मूळ फोटो मग पहिल्यांदा नीट पाहिला. पाकळीची शीर न् शीर दिसत होती, केसरावरचा कण न् कण. रोज पाणी घालतो त्या झाडात एवढं काही आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. लाज वाटली, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला.

तसाच हितेशचं घर शोधत गेलो. तो फाफडा खात होता. "भूल मारी छे," मी दारातच म्हणालो. चूक माझी, हे वाक्य तीस वर्षांत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. त्याने हात पुसले आणि दुकानावर येऊन अर्धं शटर उघडलं.

"काका, थोडो लीलो नाखुं?" त्याने मिश्कीलपणे विचारलं.

"हिरव्याचा एक टिपका दिसला तर बघ," मी म्हणालो.

गाडीला दहा मिनिटं असताना स्टेशनवर मी नव्या प्रिंटचं पाकीट गायत्रीच्या हातात दिलं. तिने एकेक प्रिंट पाहिली, मग उलटून पाहिली. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शेड ओके', खाली माझी सही.

"सँपल बिगर सही, पप्पा? सँपल कोठे शे?"

"तुन्हाजोडे," मी तिच्या डोळ्यांकडे बोट करत म्हणालो.

तिने पाकीट छातीशी धरलं आणि हसत डब्यात चढली.