अर्धा कोयता

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर बाळंतिणीसुद्धा मिळत नाहीत, हे नर्सिंगचे नियम ठरवणाऱ्या मुंबईच्या शहाण्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वीस बाळंतपणं स्वतःच्या हातांनी केलेली पाहिजेत, त्यावर ट्यूटर बाईंची सही पाहिजे, मगच शेवटच्या परीक्षेला बसायचं, आणि ती पास झालं तरच नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदवून मिळणार. नाव नोंदलं नाही तर तीन वर्षं बेडपॅन उचलले ते फुकट. नियम चांगला होता, नाही कोण म्हणतं? पण ऊसतोडीचा हंगाम लागला की आमची गावंच्या गावं ट्रकात बसून साखर कारखान्यांवर जायची, पोटुशा बायकांसकट. वॉर्ड ओस पडायचा. पोटात वायू धरलेली म्हातारी आली तरी आम्ही पोरी आशेनं धावायचो.

मी वर्षाराणी, घाटनांदूरच्या किराणा दुकानदाराची मुलगी. माझी वीस पावसाळ्यातच भरली होती. हॉस्टेलच्या खोलीतली माझी सोबतीण गंगासागर मात्र नेमकी तेव्हा काविळीनं घरी पडून होती. परत आली तेव्हा सहा बाळंतपणं कमी आणि परीक्षा फेब्रुवारीत.

गंगा नांदूरघाटच्या बाजूच्या एका वस्तीवरची; आमचं घाटनांदूर ते वेगळं. बाप लहानपणीच गेलेला. भाऊ शहादेव आणि वहिनी सारजा ऊस तोडायचे आणि ही शिकायची. ह्या परीक्षेला बसता आलं नाही तर वर्ष जाणार, आणि तोवर घरात कोण ठेवतंय? मुकादमाचा भाचा बघून ठेवलेला होता. लग्न म्हणजे पुढच्या हंगामात तिच्याही हातात कोयता. तिचा जन्मच कारखान्याच्या कोपीवरचा, पाचटाच्या झोपडीतला. आई छबुबाईनं नाळ कोयत्यानंच तोडली होती. हे तिनं वर्गात एकदा भाबडेपणानं सांगितलं, आणि ट्यूटर बाईंनी धनुर्वाताचा अख्खा धडा तिला उभं करून शिकवला. मला तेव्हा बाईंचा असा संताप आला होता की विचारू नका.

दिवाळीची सुट्टी संपवून परतताना मी वाट वाकडी करून तिला घ्यायला गेले. वस्तीवर ट्रक उभा होता. भांडी, कोंबड्या, शेळी, गोधड्या, सगळा संसार वर चढत होता. घरात वाद चाललेला. सारजाला सातवा महिना होता आणि ती बोचकं बांधत होती.

"वैनी, कोपीवर नको गं बाळंतपण," गंगा तिला विनवत होती. "दवाखान्यात माझ्या हातानं हू दे. तू ऱ्हा."

"म्या ऱ्हायल्यावर कोयता मोडतो की वन्सं."

नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला त्यांचा मुकादम ट्रकात चढू देत नव्हता.

शहादेव उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता. "तुझ्या परीक्षेपायी आमी काय हंगाम सोडायचा का गंगे?" तो म्हणाला. तो चिडलेला नव्हता, खरंच विचारत होता.

गंगाला वहिनीची काळजी होती की आपल्या बाळंतपणांच्या आकड्याची, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही होतं. मनात दोन गोष्टी असल्या म्हणजे त्यातली एक खोटी असलीच पाहिजे, असं थोडंच आहे?

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली छबुबाई उठली. गुडघ्यांवर हात रोवून उठली, हे मी नीट पाहिलं. गुडघ्यांपायीच तिनं कारखान्यावर जाणं सोडलं होतं.

"कशानं मोडतो कोयता? म्या हाय की," म्हणाली आणि सारजाच्या हातातलं बोचकं घेऊन ट्रककडे चालायला लागली.

"माय, तुझे गुडघे..."

"गुडघ्याला काय व्हतंय? तू तुझ्या परीक्षेचं बघ."

कुणी अडवलं नाही. सगळ्यांचंच भागत होतं. दोघांनी हात देऊन तिला वर चढवलं, मुकादमानं तोंड वाकडं केलं, आणि ट्रक गेला. परत जाताना एसटीत गंगा कितीतरी दिवसांनी हसली.

तो हिवाळा कसा काढला आमचा आम्हाला ठाऊक. एखादी बाई कळा देत आली की ज्यांची नसतील भरली त्या पोरी दारातच भांडायच्या. गंगानं रडतखडत पाच मिळवली. सहावी घरची होती, हुकमी. जानेवारीच्या अखेरीस सारजा थोरल्या पोराला घेऊन दवाखान्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच अडली नाही की नडली नाही, सुरळीत बाळंत झाली. एरवी ट्यूटर बाई शेजारी उभ्या राहिल्या की गंगा एखादी तरी पायरी विसरायची. त्या सकाळी एकही विसरली नाही. मुलगी झाली. वार पूर्ण पडली, रक्त बेताचंच गेलं. सारजा घामानं निथळत होती. मुलगा की मुलगी हे तिनं विचारलंच नाही.

"वन्सं, भरले का तुमचे वीस?" तिचं पहिलं वाक्य हे.

गंगा तिच्या पायांवर डोकं टेकून हमसाहमशी रडली. बाईंनी सही केली, आणि माझ्यादेखत त्यांनीही पदरानं डोळे टिपले. त्या दिवसापुरता मी त्यांच्यावरचा राग सोडला.

परीक्षा झाली. शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. पांढऱ्या गणवेशात आम्ही बाहेर आलो तर फाटकापाशी शहादेव. उसाच्या फडातून उठून आलेला, हातावर पात्यांचे ओरखडे.

"दादा, तू हितं कसा? हंगाम तर चालू हाय."

त्यानं आधी विचारलं, "झाली का समदी परीक्षा?"

"झाली."

मग तो फाटकाला टेकून खालीच बसला. छबुबाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढत होती. गुडघा दुमडला. ती पाठीवर पडली आणि मोळी अंगावर. तेव्हापासून कारखान्याजवळच्या दवाखान्यात होती. कमरेखालचं तिला काही कळत नव्हतं.

"उचलली कशी?" गंगानं विचारलं.

"काखंत धरून बसती केली. बैलगाडीत घातली."

गंगानं डोळे मिटून घेतले. पाठीवर पडलेल्या माणसाला बसतं करायचं नसतं, सपाट फळीवर निजवून न्यायचं असतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. फळी तर तिथं होती.

"कधी झालं हे?"

"पंदरा दिस झाले आसतील."

"आन मला कावून न्हाई सांगितलं?"

"मायनंच शपत घातलती. पेपर हूस्तोर गंगीला कळू द्यायचं न्हाई म्हनली."

गंगा इस्त्रीच्या गणवेशानिशी धुळीत बसली. मला सगळ्यांचा राग आला, मुकादमाचा, कारखान्याचा, त्या वीस आकड्याचा. पण रागानं कुणाची पाठ जुळते?

आम्ही दोघी पास झालो. नोंदणीचे अर्ज एकाच पाकिटातून मुंबईला पाठवले. कौन्सिलकडून प्रमाणपत्रं आली तेव्हा आमचे नंबरही लागोपाठचे होते, आधी तिचा, मग माझा. त्या वर्षांत औरंगाबादेत काचेच्या दारांची खासगी हॉस्पिटलं धडाधड उघडत होती आणि नोंदणी झालेल्या नर्सला दारातच ठेवून घेत होती. मला लगेच नोकरी लागली. गंगा गावीच होती.

दोन हंगामांनंतर आमच्या मेट्रन म्हणाल्या, "अजून कुणी नोंदणी झालेली मैत्रीण असेल तर घेऊन या." मी रजा टाकली आणि थेट तिची वस्ती गाठली.

हंगामाचे दिवस, त्यामुळे घराघराला कुलूप. शहादेव आणि सारजा पूर्ण कोयता होऊन गेले होते. दोन्ही पोरं गंगाजवळ. छबुबाई खाटेवर, खाटेचे पाय विटांवर चढवलेले, टाचांखाली कापसाच्या चुंबळी. मी सवयीनं तिची पाठ पाहिली. एवढा काळ अंथरुणाला खिळलेलं माणूस, पण कातडीवर एक फोड नव्हता. आमच्या काचेच्या हॉस्पिटलात मी असं कधी पाहिलं नाही.

अंगणात मी गंगाला नोकरीचं सांगितलं. सोबत राहू, माझ्याच खोलीत, असंही म्हणाले. ती पोरीची वेणी घालत ऐकत राहिली.

"मी आले तर वैनीला थांबावं लागंल," ती म्हणाली. "मग कोयता मोडतो, वर्षा."

आम्ही आत गेलो. छबुबाईनं माझा हात हातात घेतला.

"तुला नौकरी लागली म्हनं, बाई. लई चांगलं झालं. हिला कावून लागंना? ही तर हुशार हाय."

"जागा न्हाईत माय सध्या," गंगा म्हणाली. तिनं कोमट पाण्यात फडकं बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्या गेल्ते म्हनून हिची परीक्षा झाली," छबुबाई मला सांगत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, चक्क अभिमान होता. "न्हाईतर राहिली आसती. वाया जायचं न्हाई ते. व्हय ना गं?"

"नाही जायचं मावशी," मी म्हणाले. "पण सध्या खरंच कुठं जागा नाहीत. निघाल्या की पहिली गंगाच."

"निघतील, निघतील," छबुबाई म्हणाली, आणि गंगानं तिला अलगद दुसऱ्या कुशीवर वळवलं.