गप्प केलेला दिवा

व्हॅनवाली ताई पोरांना शाळेत सोडून तडक गॅरेजमध्ये शिरली आणि किल्ली टेबलावर आपटत गॅरेजवाल्याच्या भाचीला म्हणाली, "तुझ्या मामांनी परवा दिवा घालवला, दुखणं काही घालवलं नाही. आज भर चौकात गाडी बंद पडली. मागे अकरा पोरं, समोरून टँकर. माझं काय झालं असेल, सांग!"

"इंजिनाचा दिवा पुन्हा लागला का?"

"लागला असता तर आणली नसती का गाडी आधीच? डॅशबोर्ड आपला शहाण्या मुलासारखा गप्प." मग ताई जवळ सरकली, आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांग हं. मामा नुसता दिवाच विझवतात का गं?"

हाच प्रश्न महिनाभर भाचीच्या मनात कुसळासारखा रुतून बसला होता. दिसत नव्हता, पण कूस बदलली की सलायचा. अशाच दोन गाड्या परत आल्या होत्या, आणि तिने त्या मामाच्या पाठीमागे गुपचूप नीट करून दिल्या होत्या. ज्याने तिच्या हाती पहिला पाना दिला, त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्याच सावलीकडे वळून वळून बघायचं. पण बघितल्यावाचून राहवतही नव्हतं.

तिने स्कॅनर जोडला. बिघाडाचा कोड एकही नव्हता. खाली मात्र गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची यादी होती, आणि पुढे ओळीने 'अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण'. गाडी चालता चालता आपली आपण तपासणी करते. कोणी मेमरी पुसली की बिचारी पहिल्यापासून श्रीगणेशा करते. म्हणजे परवा कोड होता. तो वाचला गेला, पुसला गेला, आणि पुढे?

तिने बॉनेट उघडलं. इंजिनावर धूळ होती, पिठासारखी सारखी पसरलेली. पान्याचा ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही. मामाने आत हातसुद्धा घातला नव्हता.

"का गं, सकाळी सकाळी कोणाची नाडी बघतेस?" दुसऱ्या गाडीखालून मामा सरपटत बाहेर आला. अख्खा भाग त्याला कानसेन म्हणायचा. डोळे मिटून बॉनेटपाशी कान न्यायचा आणि इंजिनाला कुठे दुखतंय ते सांगायचा. स्कॅनर आल्यापासून त्याचं आणि त्या डबीचं सवतीसारखं वैर.

"मामा, परवा या व्हॅनचं काय केलंस?"

"ऐकलं."

"आणि?"

"आणि काय? ठणठणीत. दिवा उगीच बोंबलत होता, त्याला गप्प केलं."

इतक्या सरळपणे! चूक करणारा अडखळतो. न अडखळणारा सरावलेला असतो. भाचीने इंजिन सुरू केलं, हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवू लागली. हवा आत नेणाऱ्या पाइपाच्या वळणापाशी ते आलं मात्र, सूंऽऽ. बारीक, अखंड, भिंतीपलीकडे कोणी दातातून श्वास ओढावा तसं. पाइपाला तडा होता.

नळी तशीच धरून तिने कानाकडचं टोक मामाला दिलं. "ऐक."

मामाने डोळे मिटले. चेहरा हळूहळू निवला. "वा! झोपलेल्या गाईसारखी श्वास घेतेय."

तोंडावर खोटं! ताईने भाचीकडे बघून भुवई उडवली: बघितलंस? भाचीने इंजिन बंद केलं. रागाने कान तापले होते, पण हात थंडपणे काम करत होते. मामा फडक्याला हात पुसत पाठमोरा उभा होता. ती कॉम्प्रेसरपाशी गेली आणि हवेच्या नळीची कळ अगदी जराशी दाबली. सुईसारखा आवाज निघाला.

ताई दचकून वळली. मामा वळला नाही.

तिने पुन्हा दाबली. मामाने एकेक बोट निवांत पुसलं, फडकं झटकलं, घडी घातली.

भाचीने नळी खाली ठेवली. महिनाभर ती चोर शोधत होती, आणि इथे तर चोरी मामाच्याच घरात झाली होती, त्याला पत्ता न लागता. मोठे आवाज सगळे जागच्या जागी. बारीक तेवढे एकेक करून कोणी त्याच्या कानातून उचलून नेले होते.

ताई उत्तराची वाट बघत होती. सांगायचं काय? आणि त्याला न सांगता राहायचं कसं? उद्याही पोरं त्याच गाडीत बसणार होती.

तिने इंजिन पुन्हा सुरू केलं, मामाचा अंगठा धरला आणि तड्यावर ठेवला. अंगठा आत ओढला गेला. इंजिनाचा सूर बदलला, खाली येऊन स्थिर झाला. हा जाड सूर मामाला ऐकू आला. त्याने अंगठा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"इथून हवा ओढतेय?"

"हो."

"आवाज येतोय तुला?"

"येतोय, मामा."

"यांना?"

ताईने मान डोलावली.

मामाने बॉनेटची कड घट्ट धरली. मग म्हणाला, "ताई, तुमची गाडी मी न बघता परत दिली. पोरांच्या जिवाशी खेळ झाला. पाइप बदलल्याशिवाय आता न्यायची नाही." आणि भाचीकडे वळून, "आणखी तीन दिवे विझवलेत गं मी या महिन्यात. फोन आण."

पहिला फोन त्या तिघांपैकी शिंपीणबाईला. "गाडी घेऊन या. हो, दिवा मीच विझवला होता... चुकून नव्हे बाई, ऐकून." पलीकडून ती काहीतरी बोलत राहिली. मामाने फोन कानावर घट्ट दाबला, मग दुसऱ्या कानाला लावला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हिचा आवाज फार बारीक आहे," तो म्हणाला, आणि फोन भाचीपुढे धरला. "तू ऐक. मी सांगतो काय बोलायचं ते."