पुतळ्यापुढचा हंडा

पॅरिस, १८८९. जागतिक प्रदर्शनात वसाहतींतून आणलेली माणसं आपापल्या झोपड्यांपुढे बसवली होती. त्यांनी तिथे नेहमीसारखं जगायचं. लोक येऊन बघायचे.

*

तांबं ठोकलं की कडक होतं. मग त्याला भट्टीत ताव द्यायचा, म्हणजे पुन्हा मऊ पडतं. ताव न देता ठोकत राहिलं तर फुटतं.

*

एका पासावर दोन प्रौढ. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत.

*

बाबांचा डावा कान मी तिसरीत असताना गेला. उजवा दहावीत.

*

सर्दी.

*

आता नीट सांगते.

माझे वडील गोपाळकृष्ण, कसब्यातले तांबट. बंब, हंडे, घंगाळं. आमच्या आळीत तेव्हा अकरा घरं हेच काम करत होती. सकाळी आठपासून ठोकाठोक, त्यामुळे चाळिशीनंतर कोणालाच धड ऐकू येत नसे. भांडं फुटलं आहे की नाही हे डोळ्यांना दिसतंच असं नाही. चीर केसाएवढी असते, वाजवूनच नक्की कळतं. म्हणून प्रत्येक घरात एक कान लागतो. आमच्या घरात तो मी होते. हंडा झाला की बाबा तो बोटांवर तोलून माझ्यापुढे धरायचे. मी टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर मान हलवायची. बद्द वाजला तर नाही हलवायची, मग तो हंडा मोडीत. बाबा मला कधीच पुन्हा विचारत नसत. माझी मान हलली की भांडं गिऱ्हाइकाकडे. पन्नास वर्षांत त्यांच्या हातचं एकही फुटकं भांडं आळीबाहेर गेलं नव्हतं, आणि हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचे.

२००६ साली मी हडपसरला एका कंपनीत होते. आम्ही थीम पार्क डिझाइन करायचो. सोलापूर रस्त्यावर एक मोठं पार्क होणार होतं, त्यात 'जुनी पेठ' नावाचा भाग. माझा बॉस आमोद. त्याच्यासमोर मी जुन्या जागतिक प्रदर्शनांच्या स्लाइड्स लावल्या: लंडनचा काचेचा महाल, पॅरिसमधल्या त्या झोपड्या, शिकागोचं १८९३चं आकाशपाळण्याचं प्रचंड चक्र आणि त्याच्या आजूबाजूला मुख्य प्रदर्शनापासून वेगळा काढलेला करमणुकीचा पट्टा.

"म्हणजे आपलं सगळं इथून आलंय," मी म्हटलं. "गेट, चक्र, नकली गाव."

"आणि गावातली माणसं?"

"ती खरी होती. आजारी पडायची. काही तिथेच मेली."

"मग शेवटची स्लाइड दाखव ना. न्यूयॉर्क, सिक्स्टी-फोर. यांत्रिक बाहुल्या. प्रदर्शन संपल्यावर उचलल्या आणि कॅलिफोर्नियाच्या पार्कात नेऊन बसवल्या. बाहुली आजारी पडत नाही, पद्मजा. सुट्टीसुद्धा मागत नाही, तुझ्यासारखी." तो हसला. "पेठेत एक तांबट बसवू. चेहरा, हात, आवाज, सगळं ऑथेंटिक. ओळखीचं कोणी आहे?"

मी बाबांचं नाव सांगितलं. मला वाटलं, त्यांचा मान होईल.

कोथरूडला एका तळघरातल्या स्टुडिओत तीन दिवस रेकॉर्डिंग झालं. बाबांच्या मनगटाला तारा, समोर माइक, पुढ्यात ऐरण आणि एक अर्धा घडवलेला हंडा. ठोकण्याचे निरनिराळे ठेके हवे होते, आणि हंडा मात्र तीनही दिवस तोच दिसायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी हातोडी खाली ठेवली.

"कडक झालंय," ते मोठ्याने म्हणाले. ते नेहमी मोठ्यानेच बोलत. "ताव द्यायला पाहिजे. भट्टी कुठाय?"

"काका काय म्हणतायत?" आमोदने विचारलं.

मी सांगितलं.

"भट्टी? बेसमेंटमध्ये? वर डेंटिस्ट बसतो, त्याला विचारून ये." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "हंडा काळा पडला तर कालचे शॉट जुळणार नाहीत. उद्या क्लायंट स्वतः येतोय. थोडंच राहिलंय गं."

मी बाबांना खुणेने सांगितलं, चालू दे. त्यांनी तळहात हंड्यावरून फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"पमे, कान दे हं," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी क्लायंट खुश होऊन गेला. हंडा कंपनीने ठेवून घेतला.

पार्क उघडलं तेव्हा आळीतल्या अकराही घरांना पास मिळाले. मिनीबस करून गेलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पुतळा कापडी छपराखाली बसला होता, बाबांचा चेहरा, बाबांचा चष्मा. हात वर जायचा, खाली यायचा, स्टुडिओतल्या त्याच हंड्याला लागता लागता थांबायचा. आवाज चार स्पीकरमधून येत होता. बाबा अगदी दोरीपाशी जाऊन उभे राहिले.

"मनगट माझंच आहे!" ते ओरडले. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

आळीतलं कोणी हसलं नाही. तरुण पोरांना आणि बायकांना ऐकू येत होतं. एकेक जण थांबला. आमच्या शेजारचे श्रीनिवासकाका, त्यांना उजव्या कानाने अजून थोडं ऐकू यायचं, स्पीकरखाली कान धरून दोन मिनिटं उभे राहिले. मग माझ्याकडे आले.

"तू होतीस ना तिथे?"

"हो."

"छान. घरात फुटलं असतं तर मोडीत गेलं असतं. आता रोज दहा ते सात वाजेल. गोपाळच्या नावाची पाटी पण लावली आहे, बरं झालं, नाहीतर लोकांना कळलं नसतं कोणी फोडलं."

"काय म्हणतोय श्रीनिवास?" बाबांनी विचारलं.

"छान झालंय म्हणतात," मी खुणेने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी आमोदला आवाज बदलायला सांगितलं.

"क्लायंटचं साइन-ऑफ झालंय. आणि फरक कोणाला कळतो?"

"अकरा घरांना."

"अकरा घरं म्हणजे फुटफॉल नव्हे."

आळीत बाबांना कोणी काही बोललं नाही. फक्त त्यांच्या हातचं भांडं घ्यायच्या आधी लोक आता स्वतः वाजवून बघू लागले. बाबांना ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. महिनाभर त्यांनी बघितलं. मग एका मंगळवारी ते एकटेच बसने पार्कात गेले. गर्दी नव्हती. दोरी ओलांडून त्यांनी पुतळ्यापुढच्या हंड्याच्या गळ्याखाली अंगठा फिरवला. रखवालदाराने हाताला धरून बाहेर काढलं, तोवर त्यांच्या अंगठ्याला चीर लागली होती.

घरी आले, पाय धुतले, माझ्यासमोर बसले. मी नुकतीच ऑफिसातून आले होते.

"त्या दिवशी तुला सर्दी होती का गं?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"तरीच," ते म्हणाले. "स्टुडिओ फार गार होता."

त्यांनी हातोड्या तेल लावून फडक्यात बांधल्या. संध्याकाळी स्वतः श्रीनिवासकाकांच्या दारात जाऊन मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगून आले की पोरीला सर्दी होती, तिचा दोष नाही, माझ्या हाताला कळायला हवं होतं. त्यानंतर त्यांनी एकही भांडं घडवलं नाही. २००९च्या मार्चमध्ये ते गेले. त्या दिवशीही पार्क दहा ते सात उघडं होतं.

रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, क्लायंट काचेपलीकडे बसलेला असताना, बाबांनी हंडा बोटांवर तोलून माझ्यापुढे धरला. मी टिचकी मारली, तो बद्द वाजला, आणि मी मान हलवली.