वारज्याचा चालता देव

दर गुरुवारी सकाळी वारज्यात आमच्या सोसायटीमागे शे-दोनशे माणसं हात जोडून एक धोंडा बघत उभी असत. साल दोन हजार सहा. घरोघरी इंटरनेट आलं होतं, अक्कल यायची होती.

बांधकामासाठी टेकडी कापली तेव्हा हा काळा गोल दगड उघडा पडला. रंगनाथ महाराजांनी तो स्वयंभू ठरवला. महाराज पूर्वी प्लॉटची दलाली करत.

"देव भक्तांकडे निघालाय! आठवड्याला बोटभर चालतोय! कात टाकतोय, बघा!" असं गर्जून ते दगडाचे सुटलेले पापुद्रे प्रसाद म्हणून वाटत. मग एकशे आठ बादल्यांचा अभिषेक. आमच्या नळाला एक वेळ पाणी, देवाला मात्र टँकर. आयटीतला अभिनव देवाच्या चालीचा आलेख काढून साऱ्या ऑफिसला मेल करायचा. चार वर्षं इंजिनियरिंग शिकून पोरगं धोंड्याचा वेग काढत बसलं होतं. मला त्याची कीव नाही, चीड यायची.

कापलेल्या कडेच्या बरोबर खाली कांताबाईंची पत्र्याची खोली होती. महाराजांनी त्यांना फर्मावलं, "देवाची वाट सोडा. तिथे सभामंडप होणार."

कांताबाई आमच्या सोसायटीतल्या प्रेमलाबाईंकडे धुणं करायच्या. तीस वर्षं भूगोल शिकवून बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

"बाई, धोंडा खरंच सरकतोय वो. लेकरं घिऊन जाऊ कुठं?"

बाईंनी वाद घातला नाही. देवाशेजारी तसाच एक बेवारस दगड होता. त्याच्या पुढे खूण करून त्यांनी रोज धुण्याचं पाणी त्याच्या बुडाशी ओतलं. तिसऱ्या गुरुवारी त्या गर्दीत शिरल्या.

"अहो महाराज, हासुद्धा तीन बोटं चाललाय. साबणाच्या पाण्यावर. यालाही हार घालता का?"

"तो... तो देवाचा धाकटा भाऊ!"

"मग टेकडीत अख्खं खानदानच आहे म्हणायचं." बाई लोकांकडे वळल्या. "उन्हापावसाने हा खडक कुजतो. कोपरे आधी झिजतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधला टणक गोळा उरतो. भोवती होतो मुरूम. तुमच्या बादल्या तो मुरूम वाहून नेतात आणि धोंडा उताराने घसरतो. तो चालत नाही, तुम्ही त्याला ढकलताय. अभिनव, आलेख पुढे वाढव. कड कधी येते?"

अभिनवने कागद उघडला. त्याचा चेहरा उतरला. "जूनमध्ये. पाऊस लागला तर आधीच."

"आणि कडेखाली?"

त्याने कांताबाईंकडे पाहिलं. महाराजांना एकाएकी कात्रजला काम आठवलं.

आठवड्याभरात दगडफोड्यांनी दोन्ही धोंडे जागच्या जागी फोडले. त्याच दगडांची भिंत कांताबाईंच्या खोलीमागे उभी राहिली. ती एक बोटही सरकत नाही, म्हणून तिच्या पाया पडायला कुणी येत नाही.

बाबांनो, हात जोडायचे तर जोडा. पण बादली ओतण्याआधी पाणी कुठे जातं आणि खाली कोण राहतं, एवढं तरी डोळे उघडून बघा.